पुस्तकाच्या भिशीत 'ययाति'

भिशी म्हटली की काय डोळ्यांसमोर येतं, सांगा बरं! पैसे गोळा करायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिच्या घरी साबुदाणे वडे खायचे आणि येताना नव्या साडीची चौकशी करायची. त्यात वाईट काही नाही, मीही अशा दोन भिश्यांमध्ये आहे. पण तीन वर्षांपूर्वी आमच्या कोल्हापुरातल्या कॉलनीतल्या अकराजणींनी पुस्तकाची भिशी सुरू केली, आणि तिची गोष्ट जरा निराळी आहे.

नियम साधे. दर महिन्याला प्रत्येकीने शंभर रुपये काढायचे. जिची चिठ्ठी निघेल तिने पुस्तक निवडायचं, जमलेल्या पैशांतून त्याच्या दोन-तीन प्रती घ्यायच्या आणि त्या घरोघर फिरवायच्या. आणखी लागल्याच तर आमच्याकडे करवीर नगर वाचन मंदिर आहेच, थेट १८५० सालापासूनचं! महिन्याने जिची भिशी तिच्या घरी जमायचं आणि त्या पुस्तकावर बोलायचं. प्रती मग तिच्याच मालकीच्या, तिने त्या हव्या त्याला द्याव्यात.

पहिलं वर्षभर आम्ही सोपी पुस्तकं वाचली. प्रवासवर्णनं, विनोदी लेख, एक-दोन आत्मचरित्रं. चर्चा काय व्हायची? "छान आहे हो पुस्तक." "भाषा किती ओघवती!" "वाचता वाचता गॅसवरचं दूध उतू गेलं." वीस मिनिटांत सगळं आटोपायचं आणि गाडी वड्यांच्या पिठावर यायची. ज्या पुस्तकाला नुसतं 'छान' म्हणून सुटता येत नाही, असं पुस्तक घेतल्याशिवाय ही भिशी भिशीच राहणार, हे माझ्या मनात पक्कं होत चाललं होतं. माझी चिठ्ठी निघाली तेव्हा मी वि. स. खांडेकरांची 'ययाति' जाहीर केली.

लगेच कुजबुज सुरू झाली. "अगंबाई, ती का? आम्ही कॉलेजात असताना चोरून वाचली होती!" "सुना-सासवा एकत्र बसून त्यावर काय बोलणार?" एकीने तर स्पष्टच विचारलं, "त्यात तो राजा किती बायकांच्या मागे लागतो, आठवतंय ना?" आठवत होतं, म्हणून तर निवडली. शिवाय कोल्हापूरकरांना खांडेकर परके नाहीत. शिरोड्याच्या शाळेतली मास्तरकी सोडून ते १९३८ साली इथे आले. 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली ज्ञानपीठ. मराठीतलं ते पहिलं ज्ञानपीठ. आपल्या शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे, पण आमच्यातल्या किती जणींनी ते पाहिलंय म्हणाल तर दोघींनी!

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी ही ययाति राजाची राणी. असुरांची राजकन्या शर्मिष्ठा देवयानीच्या हट्टापायी तिची दासी होऊन हस्तिनापुरात येते. राजाचं आणि राणीचं जमत नाही, राजाचं मन शर्मिष्ठेकडे वळतं, तिला मुलगा होतो, तो पुरू. पुढे शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला एकदम म्हातारपण येतं. त्याच्या रक्ताच्या कुणी ते आपखुशीने घेतलं तरच त्याला तारुण्य परत मिळणार असतं. देवयानीचा मुलगा यदू नकार देतो आणि पुरू हो म्हणतो. बाप मुलाचं तारुण्य मागतो आणि मुलगा देतो, एवढीच गोष्ट. पण ती सांगायला खांडेकरांनी तीन तोंडं वापरली आहेत. ययाति आपली बाजू सांगतो, देवयानी आपली आणि शर्मिष्ठा आपली. न्यायाधीश मात्र पुस्तकात कुणी नाही. ते काम वाचणाऱ्याच्या गळ्यात!

आता तयारीचं सांगते, कारण पुष्कळजणी मला तेच विचारतात.

पहिली गोष्ट वेळेची. असं जाडजूड पुस्तक एका महिन्यात होत नाही, आम्ही सहा आठवडे घेतले. शनिवारी दुपारी तीनची वेळ ठेवली. जेवणं आटोपलेली असतात आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला अवकाश असतो. बसायला सतरंजी उत्तम. सोफ्यावर चौघी आणि खाली सातजणी असं झालं की वरच्या बोलतात आणि खालच्या ऐकतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या ठेवाव्यात, पण त्याही गोलातच.

दुसरी गोष्ट खाण्याची. चकली, शेव, कडक चिवडा मुळीच नको. ऐन रंगात आलेल्या वाक्यावर कुणीतरी कुर्रकन चकली मोडते आणि बोलणारीचा धागा तुटतो. तळणाचाही बेत नको, नाहीतर यजमानीण सगळा वेळ कढईपाशी आणि चर्चा बाहेर. मी दडपे पोहे केले. कांदा, खोबरं, लिंबू, साखर, मीठ घालून पोहे दाबून झाकून ठेवले की ते आपले आपण मुरत बसतात. फोडणी मात्र देण्याच्या वेळी. आणि हो, चहा आल्याबरोबर, खाणं शेवटी. खाणं आधी आलं की "खोबरं किती घातलंत?" यावरच पंधरा मिनिटं जातात.

तिसरी गोष्ट प्रश्नांची. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. त्या अनुभवावरून सांगते की "ययाति चांगला की वाईट?" असा प्रश्न विचारला की वर्गात दोन तट पडतात आणि विचार तिथेच थांबतो. त्यापेक्षा "पुस्तक कुठे मिटून ठेवावंसं वाटलं?" असं विचारावं, म्हणजे प्रत्येकीला स्वतःच्या मनात डोकवावं लागतं. अवघड पुस्तकासाठी मी आणखी एक युक्ती केली. प्रत्येकीने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, खाली नाव घालायचं नाही आणि चिठ्ठी भिशीच्याच डब्यात टाकायची. तोंडाने जे विचारवत नाही ते चिठ्ठीत विचारता येतं.

आणि शेवटचा नियम म्हणजे या सतरंजीवरचं बोलणं या सतरंजीवरच राहील. (पुढे जे लिहिते आहे ते ज्यांचं त्यांना विचारूनच लिहिते आहे.)

चर्चा सुरू झाली तशी मला वाटलं होतं त्याच्या नेमकी उलटी. मला वाटलं, थोरल्या बायका देवयानीला नावं ठेवतील आणि तरुण मुली तिची बाजू घेतील. झालं भलतंच. नव्या लग्नाच्या दोघी-तिघी म्हणाल्या, "कसली ती देवयानी! अहंकारी, हट्टी, सतत बापाची धमकी देणारी. शर्मिष्ठा किती समजूतदार!" तशा खुर्चीवर बसलेल्या आमच्या सासूबाई सावरून बसल्या. त्यांचं वय एक्क्याऐंशी. शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी' त्यांनी तरुणपणी रंगमंचावर पाहिलेलं, अभिषेकीबुवांची त्यातली पदं त्या अजून गुणगुणतात. त्या म्हणाल्या, "नवरा दासीबरोबर दुसरा संसार थाटतो, आणि खाष्ट कोण, तर देवयानी! लग्नाच्या पहिल्या रात्री तो दारू पिऊन आला, तिने हरकत घेतली. तुमच्यातली कुठली घेणार नाही? त्या दारूपायी तिच्या बापाचं काय झालं होतं, तिने पाहिलं होतं ना?"

एक तरुण मुलगी म्हणाली, "पण आजी, शर्मिष्ठेचं प्रेम खरं होतं." सासूबाई म्हणाल्या, "असेल की. खरं होतं म्हणून दुसरीचं घर मोडायला मोकळीक मिळते का?" मग मात्र गदारोळ झाला. कुणी म्हणे, शर्मिष्ठेला दासी केलं तेव्हाच देवयानीने अर्धा संसार घालवला. कुणी म्हणे, शर्मिष्ठेला तरी 'नाही' म्हणायची सोय होती का? ती दासी आणि तो राजा. बँकेत नोकरी करणारी आमची एक मैत्रीण एरवी फार कमी बोलते. ती म्हणाली, "खांडेकरांनी शर्मिष्ठेला त्यागी केलं म्हणून ती आपल्याला आवडते आणि देवयानीला मागणारी केलं म्हणून आवडत नाही. बाईने मागितलं की आपल्यालाच आवडत नाही, लेखकाला कशाला बोल लावायचा?" माझं स्वतःचं मत विचाराल तर खांडेकरांचा कल शर्मिष्ठेकडे झुकलेला आहे आणि देवयानीवर थोडा अन्याय झाला आहे. पण तिच्या तोंडून बोलायला तिला इतकी पानं दिली, हेही त्यांचंच.

इथे एका वहिनींबद्दल सांगायला हवं. त्यांना एकदा बोलायला लागल्या की थांबता येत नाही. अशी एक प्रत्येक भिशीत असते! तिला गप्प करू नये, तिला काम द्यावं. मी त्यांच्या हातात चिठ्ठ्यांचा डबा दिला आणि म्हटलं, "एकेक काढून वाचा, आणि सगळ्यांची उत्तरं झाल्यावर शेवटी तुमचं सांगा." दुपार निभावली.

दुसरी की तिसरी चिठ्ठी होती, 'अलकेबद्दल कुणीच का बोलत नाही?' अलका म्हणजे राजवाड्यातल्या दासीची मुलगी. राजपुत्राचं मन तिच्यावर बसलं हे कळताच राजमातेच्या हुकमावरून तिला विष दिलं जातं. खरंच, तासभर आम्ही राणी आणि राजकन्या यांच्यावर भांडत होतो, ही पोर कुणाच्या ओठांवर आली नव्हती. एकजण म्हणाली, "आई मुलासाठी काय काय करते!" दुसरी म्हणाली, "मुलासाठी की घराण्यासाठी?" त्या वेळी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसत विचारलं, "मग तिच्या आईनं काय केलं वो?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. त्या अंगाने आमच्यापैकी एकीनेही पुस्तक वाचलं नव्हतं. मी मावशींना सतरंजीवर बसायला जागा केली. त्या म्हणाल्या, "नगं, अजून दोन घरं हायत," आणि गेल्या. पण त्यांचा प्रश्न तिथेच राहिला. पुस्तक उघडून पुन्हा ती पानं शोधायला तिघीजणी लागल्या.

मग निघाली ती चिठ्ठी. अक्षर मुद्दाम सरळ, छापल्यासारखं काढलेलं. 'पुरू नाही म्हणाला असता तर तो वाईट मुलगा ठरला असता का?'

वहिनींनी वाचली आणि त्याही गप्प बसल्या. सुरुवातीला पुस्तकी उत्तरं आली. महाभारतातला ययाति पुरूच्या तारुण्यावर हजार वर्षं सुखं भोगतो आणि मग सांगतो की भोगाने वासना शमत नाही. खांडेकरांच्या कादंबरीत पश्चात्ताप फार लवकर येतो. गिरीश कार्नाडांनी १९६१ साली कानडीत नाटक लिहिलं, त्यात तर पुरूला बायको आहे, चित्रलेखा. एका दिवसात म्हातारा झालेला नवरा पाहून ती जीव देते. हे मी सांगितलं तेव्हा एकजण हळूच म्हणाली, "म्हणजे मुलगा देतो तेव्हा तो एकट्याचं देत नसतो."

आमच्यात एक ताई आहेत. सगळ्याजणी त्यांना नुसतं ताईच म्हणतात. वय सत्तरीच्या जवळ, लग्न केलेलं नाही. वडील लवकर गेले, एकोणिसाव्या वर्षी त्या एका कचेरीत चिकटल्या, पाठच्या तीन भावंडांची शिक्षणं आणि लग्नं त्यांनी केली. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही ते नेहमी कौतुकाने सांगायचो. त्या दिवशी ताई म्हणाल्या, "ती चिठ्ठी माझी नव्हे, आधीच सांगते. पण उत्तर देते. पुरूला निदान विचारलं तरी. बाप समोर उभा राहिला आणि तोंडाने म्हणाला, 'दे.' मला कुणी विचारलंच नाही. घरात नुसतं बोलणं व्हायचं, 'ती आहे म्हणून चाललंय.' दोन स्थळं आली, त्यांना आईने काय सांगितलं ते मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. आता भाऊ म्हणतात, ताईने स्वतःहून केलं. स्वतःहून! यदूने नाही म्हटलं, तर राज्य बुडालं का? मला त्या यदूचा राग येत नाही. मला वाटतं, त्या घरात सरळ उत्तर दिलं ते त्यानेच."

खोलीत कुणी हललं नाही. एरवी अशा वेळी आपण काय करतो? पाणी आणतो, पाठीवर हात ठेवतो, "जाऊ दे ताई, देवाला सगळं दिसतं" म्हणतो. ते सगळं बोलणाऱ्याला थांबवण्यासाठीच असतं, असं मला वाटतं. म्हणून मी उठले नाही आणि शेजारणीलाही डोळ्यांनीच खुणावलं. ताईंनी स्वतःच चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मला पश्चात्ताप नाहीये हं. भावंडं गुणी निघाली. फक्त त्याला त्याग म्हणू नका. मी दिलं नाही, घेतलं गेलं."

एकीने विचारलं, "भावांना कधी सांगितलंत?" ताई म्हणाल्या, "पुस्तकाबद्दल बोलायचं ना आपण?" आणि आम्ही तो विषय त्यांच्यावरच सोपवला.

पण तो विषय संपला नव्हता. सतरंजीच्या कडेला बसलेल्या एका आईचा मुलगा दहावीला आहे. त्याला चित्रकलेला जायचंय, आणि घरात दोन वर्षांपासून विज्ञान शाखेचं नक्की झालेलं आहे. ती एकदम म्हणाली, "आम्हीही त्याला विचारलं नाहीये. आम्ही म्हणतो, त्याचीच इच्छा आहे." तिच्या जावेने लगेच टोकलं, "त्याचं भलंच बघतोय ना आपण? ययाति स्वतःसाठी मागत होता." यावर पाऊण तास वाद झाला. आईबाप मुलाकडून मागतात ते स्वतःसाठी नसतं का? म्हातारपणी मुलगा जवळ असावा, चारचौघांत मान राहावा, हे मुलासाठी की आपल्यासाठी? सासूबाई म्हणाल्या, "थोडं मागावंच लागतं गं. अजिबात मागायचं नाही म्हटलं तर आम्ही म्हातारी माणसं जगायची कशी? पण मागितलं आहे हे कबूल करावं. आणि 'नाही' ऐकून घ्यायची तयारी ठेवावी." त्यांच्या दोन्ही मुलांपैकी आमचे हे कोल्हापुरात राहिले, थोरले परदेशी गेले. हे वाक्य त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं ते मी अजून विचारलेलं नाही.

एकमत कशावरही झालं नाही. तशी अपेक्षाही ठेवू नये. अशा पुस्तकाची चर्चा झाली की शेवटी यजमानणीने "तर मैत्रिणींनो, यातून आपण काय शिकलो?" असं मुळीच म्हणू नये. शाळेत ते ठीक आहे, कारण तिथे पेपर असतो. साडेपाचला मी फोडणी दिली आणि पोहे आणले. भूक सडकून लागली होती सगळ्यांना.

दोन गोष्टी व्यवहाराच्या राहिल्या. अशा पुस्तकाला दीड तास पुरत नाही, अडीच तास धरावेत आणि घरी तसं सांगून यावं. आमच्यातल्या एकीला नेमकं चर्चेच्या मध्यावर घरून तीनदा फोन आले, "कुकर कुठे आहे?" म्हणून! आणि चर्चेनंतर दोन-चार दिवसांनी जिचं मन मोकळं झालं तिच्याकडे सहज चक्कर टाकावी. पुस्तकाचं काही बोलू नये, कोशिंबिरीसाठी दही मागायचं निमित्तही चालतं. मी गेले तेव्हा ताई बागेत कुंड्या बदलत होत्या. मला म्हणाल्या, "धाकट्याला फोन केला होता." पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

दहावीतल्या मुलाचं अजून काही ठरलेलं नाही. त्याची आई कलाशाळेतून माहितीपत्रक मात्र घेऊन आली, आणि ते तिने फ्रिजवर सगळ्यांना दिसेल असं लावलं आहे. मावशींनी परवा लादी पुसता पुसता विचारलं, "सापडलं का वो, त्या पोरीच्या आईचं?" त्यांना मी तो भाग वाचून दाखवायला घेतला आहे. रोज दुपारी दहा मिनिटं, त्यांचा चहा होईपर्यंत.

त्या दिवशी पोहे खाता खाता पुढची चिठ्ठी काढली. नाव निघालं ताईंचं. त्यांनी पुस्तक अजून सांगितलेलं नाही, फक्त एक अट घातली आहे, "जागा माझी. खायला मात्र तुम्हीच आणायचं, आणि नंतर भांडीही तुम्हीच घासायची. मी त्या दिवशी कुणासाठी काही करणार नाही." वहिनींनी लगेच कागद घेऊन कोण काय आणणार याची यादी करायला सुरुवात केली. माझ्या नावावर ढोकळा आहे.